वाचक विचारतात : फॅनफिकचं पुस्तक करताना

प्रश्न : एका इंग्रजी कादंबरीमालिकेवर चार वर्षं फॅनफिक (दुसऱ्याच्या कथेतली पात्रं घेऊन चाहत्याने लिहिलेली कथा) लिहिते आहे. सव्वादोन लाख शब्द झाले. मैत्रिणी म्हणतात, नावं बदल आणि छाप. एवढ्यावर भागतं का? (वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. नावं बदलणं हे सगळ्यात सोपं काम, आणि ते सगळ्यात शेवटी करायचं.

इंग्रजी फॅन या प्रकाराला ‘सिरीयल नंबर घासणं’ म्हणतात. चोरलेल्या वस्तूवरचा क्रमांक कानशीने घासून टाकतात, त्यावरून हा शब्द आला. ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ हे याचं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण. ती मुळात ‘ट्वायलाइट’ या रक्तपिपासूच्या प्रेमकथेवरची फॅनफिक, एडवर्ड-बेलाचे ख्रिश्चन-अ‍ॅनास्तेशिया झाले आणि 2011 मध्ये पुस्तक आलं. टर्निटिन या तपासणी-प्रणालीत दोन्ही मजकूर ताडून पाहिले तेव्हा 89 टक्के साम्य निघालं. तरी ते खपून गेलं, कारण त्या फॅनफिकमध्ये रक्तपिपासू कुणी नव्हतंच. सगळी माणसं आणि आजचं शहर. म्हणजे मूळ कथेपासून ती आधीच सुटलेली होती. ‘द लव्ह हायपॉथिसिस’चं (2021) तसंच : ‘स्टार वॉर्स’मधली जोडी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नेलेली होती. उलट ‘मॅनॅकल्ड’ ही हॅरी पॉटरच्या युद्धातच घडणारी फॅनफिक. तिच्यातून 2025 मध्ये ‘अल्केमाइज्ड’ कादंबरी झाली, तेव्हा लेखकाला नवं जग, नवी जादू, युद्धाची नवी कारणं उभी करावी लागली.

तेव्हा तुमची कथा यातल्या कुठल्या जातीची आहे ते आधी ठरवा. मूळ मालिका अजिबात न वाचलेल्या एखाद्याला पहिली तीन प्रकरणं द्या आणि विचारा : ही दोघं कोण? यांचं वैर कशावरून? यांचं पुढे काय होतं याची तुला काळजी वाटते का? फॅनफिकचा वाचक पात्रांना ओळखतच आलेला असतो. त्यामुळे आपण ओळख करून देत नाही, चेहरा सांगत नाही, भांडणाचं मूळ लिहीत नाही. नंबर घासलेली बहुतेक पुस्तकं इथेच पडतात. पहिल्या पानापासून दोन माणसं एकमेकांवर जळत असतात आणि वाचकाला कारण कळत नाही. ही उसनी आठवण भरून काढायला तीस-चाळीस पानं नव्याने लिहावी लागली तर नवल नाही.

मग वहीत याद्या करा. एकीत उसनी नावं आणि ठिकाणं. दुसरीत त्या जगाचे नियम, वस्तू, संस्था. तिसरीत मूळ कथेत घडून गेलेल्या आणि तुम्ही गृहीत धरलेल्या घटना. चौथीत बोलण्याच्या लकबी, ठरावीक टोपणनावं, चेहऱ्यामोहऱ्याच्या खुणा. ही यादी हमखास राहून जाते. प्रत्येक नोंदीला तुमच्या कथेत स्वतःचं कारण मिळालं तर ठेवा, नाही तर काढा. मूळ प्रसंगाला उत्तर म्हणून लिहिलेला प्रसंग सहसा काढावाच लागतो.

लांबीचंही पाहा. पानाला अडीचशे-तीनशे शब्द धरले तर तुमचं पुस्तक साडेसातशे ते नऊशे पानांचं होतं. आठवड्याला एक भाग टाकताना प्रत्येक भागाच्या शेवटी धक्का आणि पुढच्याच्या सुरुवातीला उजळणी लिहिली जाते. सलग वाचताना ती उजळणी फार बोचते. ती काढली की बरीच पानं आपोआप गळतात.

कायद्याची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद खटल्यात (1978) घालून दिली. कल्पनेवर कुणाचा हक्क नाही. पण दोन्ही कृती पाहिल्यावर दुसरी ही पहिलीची नक्कल आहे अशी ठाम समजूत होत असेल, तर हक्कभंग झाला. पात्राचंही तसंच. चुलबुल पांडेच्या खटल्यात (2016) मुंबई उच्च न्यायालयाने वैशिष्ट्यपूर्ण पात्राला संरक्षण मिळू शकतं हे तत्त्व मान्य केलं. ‘दबंग’च्या निर्मात्यांना मनाई हुकूम मिळाला नाही तो ते न्यायालयात उशिरा आल्यामुळे.

प्रश्न : आपल्यातल्याच एकीचं पुस्तक आलं तर फॅनमंडळींनी आनंद मानायला हवा. चिडतात का? (वाचक, ठाणे)

उत्तर : सगळे चिडत नाहीत, पण चिडणाऱ्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे.

फॅनफिक एकटीने लिहिली जात नाही. बीटा वाचक कच्चा मसुदा फुकट तपासून देतात, कुणी चित्रं काढतं, प्रतिक्रियांमधून कथानक वळतं. हे सगळं भेट म्हणून दिलेलं असतं. दुसरी गोष्ट भीतीची. ‘आम्ही यातून पैसे करत नाही’ ही फॅनलेखकांची जुनी ढाल आहे. एकीने पैसे घेतले तर सगळ्यांवर नोटिसा येतील, ही धास्ती पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. 2007 मध्ये फॅनलिब नावाची कंपनी फॅनफिकवर धंदा करायला उतरली, तेव्हा नफा कंपनीचा आणि कायदेशीर जोखीम लेखकांची अशी तिची रचना होती. त्या संतापातून त्याच वर्षी एक ना-नफा संस्था उभी राहिली आणि तिने एओथ्री हे फॅनफिकचं संग्रहस्थळ बांधलं. तिथे आजही विक्रीचा किंवा देणगीचा दुवा टाकायला मनाई आहे. पुस्तक येणार असेल तर तिथल्या टिपेत ‘विकत घ्या’ लिहू नका, तक्रार होते.

परवानगी घेऊन विकायचा प्रयत्नही झाला. अ‍ॅमेझॉनने 2013 मध्ये किंडल वर्ल्ड्स काढलं. दहा हजार किंवा जास्त शब्दांच्या कथेला निव्वळ उत्पन्नाच्या 35 टक्के, छोटीला 20 टक्के. पण दोन मालिकांची पात्रं एकत्र आणायची नाहीत, कामुक मजकूर नको, आणि तुम्ही रचलेलं नवं पात्र मूळ हक्कधारकाला वापरायला मोकळं. फॅनफिकचा जीव ज्यात आहे तेच काढून घेतलेलं. 2018 मध्ये ते बंद झालं. आम्हाला त्यात नवल वाटत नाही.

आमचं मत स्पष्ट आहे : स्वतःच्या वाक्यांवर कमावण्याचा लेखिकेला पूर्ण हक्क आहे. पण पुस्तकासाठी कथा संकेतस्थळावरून एका रात्रीत गायब करणं हा तिला वाढवणाऱ्यांचा अपमान आहे. ‘मॅनॅकल्ड’ संकेतस्थळावरून काढून टाकणार हे आधी जाहीर झालं आणि ती 2024च्या अखेरीपर्यंत राहू दिली गेली. निदान महिनाभर तरी मुदत द्यावी. बीटा वाचकांना आधी कळवावं, त्यांनी सुचवलेली वाक्यं किंवा प्रसंग ठेवायचे असतील तर लेखी होकार घ्यावा आणि ऋणनिर्देशात त्यांना हवं ते नाव छापावं. अनेकांना खरं नाव नको असतं.

प्रश्न : आवडत्या फॅनफिकच्या 20 प्रती बांधून मैत्रिणींना खर्चाच्या भावात द्यायच्या आहेत. नफा शून्य. चालेल? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : एक प्रत स्वतः बांधून कपाटात ठेवा, लेखिकेला विचारून. वीस प्रतींचे पैसे गोळा केले की ते वितरण झालं, खासगी वापर राहत नाही. यात हक्क दोघांचा मोडतो : मूळ लेखकाचा आणि फॅनलेखिकेचा, कारण वाक्यं तिची आहेत. आपल्या कायद्याच्या कलम 63 प्रमाणे जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. नफा नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं. फॅनना मात्र याहून जवळचं दुखणं माहीत आहे. एट्सी या ऑनलाइन बाजारात परक्यांनी बांधलेल्या प्रती विकायला काढल्या, तेव्हा लेखकांनी आपल्या कथाच संकेतस्थळावरून काढून टाकल्या आणि सगळ्यांनाच त्यांना मुकावं लागलं. मैत्रिणींना बांधायला शिकवा. प्रत्येकीने आपली प्रत आपण शिवावी.

प्रश्न : मराठीतल्या जुन्या पात्रांवर कादंबरी लिहून विकता येईल? (वाचक, मडगाव)

उत्तर : लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं मोजा. हरि नारायण आपटे, राम गणेश गडकरी (दोघंही 1919) केव्हाच मुक्त झाले. साने गुरुजीही (1950). आचार्य अत्र्यांसाठी 2029 संपेपर्यंत थांबा. फास्टर फेणेला हात लावू नका, भा. रा. भागवत 2001 मध्ये गेले, म्हणजे 2061 संपायला हवं. महाभारत सर्वांचं आहे, पण एखाद्या आधुनिक कादंबरीने किंवा मालिकेने कर्णाला दिलेले नवे प्रसंग आणि संवाद त्या लेखकाचे आहेत. थेट जुन्या पोथीकडे जा.

प्रश्न : ही आधी फॅनफिक होती हे प्रकाशकाला सांगावं का? (वाचक, पुणे)

उत्तर : हस्तलिखित देतानाच सांगा. करारात ‘लेखन स्वतंत्र असून कुणाच्या हक्काचा भंग करत नाही, दावा झाल्यास भरपाई लेखकाची’ अशा अर्थाचं कलम बहुधा असतं. लपवून सही केली तर तो खर्च तुमच्या डोक्यावर येतो. डाउनलोड करून ठेवलेल्या प्रती वाचकांकडे असतातच, त्यामुळे लपणार काहीच नाही. पत्रासोबत तीन गोष्टी जोडा : कथा कुठे आणि कोणत्या वर्षांत प्रसिद्ध झाली, किती भाग नव्याने लिहिला, आणि वर सांगितलेल्या चार याद्या. जाहिरातीत मूळ मालिकेचं नाव वापरणार नाही, हेही करारात लिहून घ्या. तिथून वाद सुरू झाला की नोटीस लेखिकेच्या नावाने येते.