ट्विस्ट ओळखणारी मुलगी आणि साडेचार लाखांचा कोर्स

प्रश्न : माझी मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. एकूण ७४ टक्के, गणितात ८९ गुण. लहानपणापासून ती माझ्याबरोबर मालिका बघते. पुढे काय होणार ते आधीच सांगते आणि दहातल्या आठ वेळा तसंच होतं. पात्रांविषयी तिची मतं इतकी नेमकी असतात की मी ती मोबाइलवर रेकॉर्ड करून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकते. सगळे म्हणतात, हिला मालिका लिहायला घाला. मुंबईच्या एका खासगी संस्थेत पटकथालेखनाचा दोन वर्षांचा कोर्स आहे, फी साडेचार लाख. कोर्स झाल्यावर चॅनलमध्ये काम मिळवून देतो म्हणतात. पंचवीस हजार भरून मी जागा धरली आहे, बाकीच्यासाठी तिच्या लग्नाची एफडी मोडणार आहे. पण तिला बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्स करायचं आहे. हल्ली तर मालिका लागली की ती उठून आतल्या खोलीत जाते. एवढी कल्पक मुलगी आकडेमोडीत वाया जाऊ नये, यासाठी तिला कसं समजवावं? तिची काही मतं सोबत लिहून पाठवते आहे. (मला स्वतःला लिहायची फार आवड होती, पण बारावीनंतर लगेच लग्न झालं.) – एक आई, कराड

उत्तर :

ताई,

तुमचं पत्र वाचताना मी फीच्या आकड्यावर थांबले नाही, गुणांवर तर नाहीच. थांबले ते "हल्ली मालिका लागली की ती उठून आतल्या खोलीत जाते" या वाक्यावर. तुम्ही ते जाता जाता लिहिलं आहे, तिच्या हट्टीपणाचा पुरावा म्हणून. मला ते तुमच्या पत्रातलं सगळ्यात काळजीचं वाक्य वाटलं.

बारा-तेरा वर्षं ही मुलगी संध्याकाळी तुमच्या शेजारी बसत होती. तुम्ही लसूण सोलत असाल, ती अभ्यासाची वही मांडीवर उलटी ठेवून पडद्याकडे बघत असेल, आणि मध्येच एक वाक्य टाकत असेल. त्या वाक्याची किंमत कोणी करत नव्हतं, म्हणून ते मोकळेपणाने येत होतं. मग एक दिवस तिच्यासमोर मोबाइल आला. तिचं बोलणं मामा-मावश्यांकडे गेलं, तिकडून शाबासकी आली, शाबासकीतून सल्ला आला, सल्ल्यातून कोर्स आणि कोर्समधून एफडी. सतरा वर्षांच्या मुलीने आईजवळ बसून सहज दिलेल्या मताचं चार महिन्यांत साडेचार लाखांचं ओझं झालं. ती आतल्या खोलीत जाते ती मालिकेला कंटाळून नव्हे. तोंडातून एखादं चांगलं वाक्य निघालं तर ते आपल्याच विरोधात वापरलं जाईल, हे तिला कळलं आहे.

पालकांचा दबाव म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर डॉक्टर-इंजिनीअरचाच दबाव येतो. मुलगा गिटार वाजवतो आणि वडील नीटचा क्लास लावतात, हे चित्र आपल्या ओळखीचं आहे. "तुला आवडतं ना, मग तेच कर" हाही दबाव असू शकतो, आणि तो जास्त अवघड असतो, कारण मुलाला त्याच्याविरुद्ध बोलताच येत नाही. आई माझ्या आवडीसाठी एफडी मोडते आहे, तिला नाही कसं म्हणू? तुमच्या मुलीने तरीही नाही म्हटलं. तिची पाठ थोपटायची तर मी आधी यासाठी थोपटेन.

आता तिच्या मतांकडे येते. ती मी अगदी मन लावून वाचली. 'आई कुठे काय करते'मध्ये नायिका अरुंधतीच्या नवऱ्याचं, अनिरुद्धचं जिच्याशी प्रेमप्रकरण असतं, त्या संजनाबद्दल ती म्हणते, "सगळे संजनाला शिव्या घालतात. घर अनिरुद्धने मोडलं, पण त्याला रोज हातात चहा मिळतो." अरुंधतीचा दुसरा नवरा आशुतोष गेला तेव्हाचं तिचं वाक्य आहे, "सुखी बाईची गोष्ट कशी लिहायची हे माहीत नाही, म्हणून माणूस मारला." ताई, हे दुसरं वाक्य वाचून मी पत्र खाली ठेवलं. अरुंधतीने पंचवीस वर्षांचा संसार सोडला, पुन्हा लग्न केलं, आणि आता ती फक्त आनंदात आहे, तर रोजच्या भागात दाखवायचं काय? डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४ अशी जवळजवळ पाच वर्षं चाललेल्या मालिकेची ही खरी अडचण तिने एका ओळीत पकडली. मालिकेत तो निर्णय नेमका कशामुळे झाला हे तिलाही माहीत नाही आणि मलाही. पण प्रश्न बरोबर जागी विचारला आहे.

तरीही यावरून ती मालिका लिहील असं निघत नाही. तुमच्या घरातला सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. पुढचं वळण ओळखता येणं आणि वळण रचता येणं ही दोन वेगळी कामं आहेत. मालिकेचा प्रेक्षक पात्राच्या एक पाऊल पुढे असावा, अशीच मालिका लिहिलेली असते. खलनायिका दुधाच्या पेल्यात काहीतरी मिसळते, कॅमेरा पेल्यावर तीनदा जातो, संगीत चढतं, आणि घरोघरच्या आज्या ओरडतात, "अगं बाई, पिऊ नकोस!" त्या आजीने ट्विस्ट ओळखलेला नसतो, लेखकाने तो तिच्या हातात ठेवलेला असतो. आणि ट्विस्टवर मालिका चालते हेही तितकंसं खरं नाही. 'रात्रीस खेळ चाले'च्या पहिल्या पर्वात, २०१६ साली, अण्णा नाईक सुरुवातीलाच मरतात. २०१९ मध्ये दुसरं पर्व आलं ते काळात मागे जाऊन, अण्णा जिवंत असतानाचं. शेवट काय होणार हे अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक होतं. तरी लोक अण्णा आणि त्यांची प्रेयसी शेवंता यांच्यासाठी रोज रात्री टीव्हीसमोर बसले. 'आई कुठे काय करते' ही मुळात 'श्रीमोयी' या बंगाली मालिकेवरून आली, तिच्यावरूनच हिंदीत 'अनुपमा' झाली. तोंडवळा एकच, पण तीन भाषांमधल्या तीन बायका वेगवेगळ्या वागल्या, आणि लेखकाचा कस लागला तो त्या वागण्यात.

लिहिण्याचं काम प्रत्यक्षात कसं असतं, हे त्या संस्थेच्या माहितीपत्रकात नसणार. रोजच्या मालिकेत कथा, पटकथा आणि संवाद बहुधा वेगवेगळ्या माणसांकडे असतात. श्रेयनामावली नीट वाचा, तीन ओळी वेगळ्या दिसतील. भाग वीस-बावीस मिनिटांचा, शेवटच्या दृश्यात उद्यासाठी अडकवणारं काहीतरी हवंच. मानधन सहसा भागाप्रमाणे मिळतं, मालिका बंद झाली की तेही बंद. दर गुरुवारी टीआरपी येतो आणि जमून आलेला ट्रॅक एका फोनवर गुंडाळावा लागतो. नायिका आजारी पडली तर रात्रीत चार दृश्यं तिच्याशिवाय पुन्हा लिहायची. २०२० मध्ये संजनाची भूमिका करणारी अभिनेत्री बदलली, तरी पात्र तेच ठेवून गोष्ट चालवावी लागली. २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनामुळे राज्यात चित्रीकरण बंद झालं तेव्हा कित्येक मालिकांची युनिट्स गोव्याला, सिल्वासाला गेली, आणि पात्रं अचानक घराबाहेर का पडली याची कारणं लेखकांना रातोरात शोधावी लागली. हे काम हलकं नाही. ज्याला ते करायचं आहे त्याच्यासाठी फार थरारक आहे. पण त्यासाठी स्वतःची ओढ लागते. तुमच्या मुलीने आजवर एक तरी दृश्य स्वतःहून लिहिलं आहे का? तुमच्या चार पानांच्या पत्रात तसा उल्लेख कुठेही नाही. तिची मतं आहेत, तिच्या वह्या नाहीत.

कोर्सबद्दल स्पष्टच सांगते, करू नका. चॅनलमध्ये काम मिळवून देण्याची हमी कोणतीही संस्था देऊ शकत नाही, कारण लेखक निवडतात ते निर्माते आणि वाहिन्या. माझ्याकडे आलेला एक मुलगा अशाच एका कोर्सनंतर एका सेटवर 'लागला' होता. काम होतं कलाकारांच्या कपड्यांचे फोटो काढून ठेवायचं, म्हणजे पुढच्या दृश्यात कानातलं बदलू नये. तेही काम शिकण्यासारखं आहे, त्याला कंटिन्युइटी म्हणतात. पण सहा महिने बिनपगारी करण्यासाठी त्याच्या वडिलांनी कर्ज काढलं नव्हतं. तुमचे पंचवीस हजार लेखी अर्ज करून परत मागा. नाही मिळाले तर ते गेले असं समजा, पण ते वाचवण्यासाठी आणखी सव्वाचार लाख घालू नका.

आणि घाई तरी कसली? पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पटकथालेखन शिकायचं तर आधी कुठल्याही शाखेची पदवी लागते. बी.एस्सी. केल्याने ते दार बंद होत नाही. कॉलेजात असताना तिला वाटलंच तर एकांकिका आहेत, पुरुषोत्तम करंडक आहे. मराठी मालिका लिहिणारे कितीतरी जण तिथून आले आहेत, आणि त्याला साडेचार लाख लागत नाहीत. पण हे तिने विचारलं तर सांगायचं.

आता 'आकडेमोडीत वाया जाईल' याबद्दल. हे वाचून मला खरोखर वाईट वाटलं. गणितात ८९ मिळवलेली मुलगी संख्याशास्त्र मागते आहे, हे कुठल्याही समुपदेशकाला आनंदाचं उत्तर आहे. ज्या टीआरपीवर तुमच्या आवडत्या मालिकेचं नशीब ठरतं, तो कसा काढतात ठाऊक आहे? देशातल्या कोट्यवधी घरांपैकी पन्नास हजारांच्या आसपास घरांत मीटर बसवलेले असतात. तेवढ्यावरून अख्ख्या देशाने काय बघितलं याचा अंदाज बांधतात. ती घरं कशी निवडायची, गावं किती घ्यायची, चूक किती धरायची, हे सगळं संख्याशास्त्र आहे. तिने माणसांच्या गोष्टीकडे पाठ फिरवलेली नाही. "दहातल्या आठ वेळा तसंच होतं" हे तुम्ही अभिमानाने लिहिलंत. मला विचाराल तर ती मोजणी ठेवण्याची कल्पना बहुधा तिचीच असेल. विचारून बघा.

वाट सरळ आहे : बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्स, मग एम.एस्सी., त्यासाठी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचा विभाग आहे किंवा जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी. पुढे विमा, औषध कंपन्या, बँका, सरकारी सांख्यिकी सेवा. एवढं पुरे. हे सगळं तिने आधीच शोधून ठेवलेलं असेल, तिला बोलू द्या.

शेवटी तुम्ही कंसात लिहिलेल्या ओळीबद्दल बोलते. रागावू नका. "मला स्वतःला लिहायची फार आवड होती" हे तुम्ही सगळं लिहून झाल्यावर, कंसात, बारीक अक्षरात लिहिलंत. मला मात्र सगळं पत्र तिथूनच आल्यासारखं वाटलं. तुम्ही मुलीची मतं ज्या बारकाईने टिपलीत, कुठल्या प्रसंगाला ती काय म्हणाली, तेव्हा सासूबाई काय म्हणाल्या, तुम्ही कढईवरचं झाकण हातात घेऊन तशाच उभ्या कशा राहिलात, ते वाचताना मला तुमचं घर दिसलं. चार पानांत मला एकही वाक्य गाळावंसं वाटलं नाही. बारावीनंतर तुटलेलं शिक्षण आजही सुरू करता येतं. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घरी बसून मराठीत बी.ए. करता येतं, वयाची आडकाठी नाही आणि फी त्या मुंबईच्या कोर्सपुढे नगण्य आहे. तुम्ही पुढे लेखिका व्हाल असं आश्वासन मी देत नाही. पण ही आवड तुमची आहे, ताई. ती तुम्ही स्वतः जगा, मुलीच्या नावाने फॉर्म भरून नको.

एफडी मोडू नका. बी.एस्सी.च्या प्रवेशाची मुदत कॉलेजात जाऊन आजच बघा, कारण या सगळ्या वादात ती निघून गेली तर ते मात्र भरून निघणार नाही. प्रवेश झाला की ग्रुपवरचे ते व्हिडिओ काढून टाका आणि काढले म्हणून तिला सांगा.

मग संध्याकाळी मालिका लागेल तेव्हा मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि तिला नेहमीसारखी हाक मारा. पहिल्या दिवशी येणार नाही कदाचित. दोन-चार दिवसांनी येईल, शेवटच्या जाहिरातीनंतर, दारातच उभी राहून बघेल. कधीतरी तिच्या तोंडून एखादं वाक्य जाईल. तेव्हा हसा, भांडा, "काहीतरीच बोलतेस" म्हणा. फक्त "हे लिहून ठेव" म्हणू नका.