हेडफोनचे पॅड बदलताना : आधी सील तपासा, कापूस नंतर

कापूस, टेप, कप उघडणे हे सगळे तूर्त बाजूला ठेवा. तुम्ही लिहिले आहे की तुमचा ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम५०एक्स हा बंद कपांचा हेडफोन काही वर्षे वापरून झाला आहे, पॅडच्या वरच्या थराचे काळे पापुद्रे निघतात, डग्ग्याचा घुमार गेला आहे आणि टाळ-झांजा कानाला टोचतात. यावर जाड लेदरचे पॅड, कपात कापूस आणि मागच्या भोकावर टेप हे तिन्ही एकदम करायचा तुमचा बेत आहे. माझे मत असे, की आधी फक्त पॅड बदला, आणि तेही मूळ पॅड किंवा त्याच जाडीचे, त्याच मटेरिअलचे. बहुतेक तक्रार तिथेच मिटेल. नाही मिटली, तर नक्की काय उरले आहे ते तरी कळेल.

ड्रायव्हर (कपातला आवाज निर्माण करणारा भाग), पॅड आणि तुमचा कान मिळून हवेची एक छोटी बंद जागा तयार होते. पॅड असा हवाबंद बसणे म्हणजे सील. खालच्या सुरांत ड्रायव्हर त्या कोंडलेल्या हवेवर दाब देतो आणि तोच दाब कानाच्या पडद्यापर्यंत पोहोचतो. सायकलच्या पंपाचा वॉशर झिजला की दांडा वरखाली होतो पण ट्यूबमध्ये हवा जात नाही, तसे पॅड चपटे होऊन कडेला फट पडली की बेसचे, म्हणजे खालच्या सुरांचे, होते. वरच्या सुरांना मात्र या फटीने फारसा फरक पडत नाही, ते पूर्वीसारखेच कानावर येतात. म्हणून बेस गेला की ट्रेबल, म्हणजे वरचे सूर, वाढल्यासारखा भासतो. तुमच्या दोन तक्रारी मुळात एकच असण्याची शक्यता मोठी आहे.

खात्री करायची सोपी रीत आहे. फोनवर टोन जनरेटरचे कुठलेही अ‍ॅप घ्या, ४० हर्ट्झचा सूर हळू आवाजात लावा आणि दोन्ही कप तळहाताने किंचित डोक्याकडे दाबा. सूर एकदम भरला, तर सील गेलेले आहे. मग चष्मा काढून पुन्हा ऐका. चष्म्याची काडी पॅडखालून जाते आणि तिथे कायमची फट राहते. चष्मा लावणाऱ्यांनी कडक पॅड टाळावेत, मऊ मेमरी फोमचे घ्यावेत.

दबलेल्या पॅडचा दुसरा परिणाम कमी लोकांच्या लक्षात येतो. ड्रायव्हर कानाच्या जवळ येतो, आणि कधीकधी कानाची कड आतल्या जाळीला टेकते. ८ किलोहर्ट्झच्या ध्वनीची लहर जेमतेम ४ सेंटिमीटर लांब असते. त्यामुळे पॅड चार-पाच मिलिमीटर बसला तरी त्या पट्ट्यातले चढउतार जागा बदलतात. टाळ, चिपळ्या, 'स' आणि 'श' यांची धार याच भागात असते. त्यांचे टोचणे काही अंशी इथूनही येत असेल.

पापुद्रे निघण्याबद्दल : हे बहुतेक पॅड पॉलियुरेथेनच्या कृत्रिम चामड्याचे असतात. दमट हवेत पाण्याच्या वाफेने त्या थराची रासायनिक साखळी तुटत जाते, मग तो चिकट होतो आणि सुटतो. मुंबईत, कोकणात, गोव्यात हे लवकर घडते, नुसते कपाटात ठेवले तरीही. त्यात घाम आणि डोक्याचे तेल यांची भर पडते. म्हणून पॅड हा वाहनाच्या टायरसारखा झिजणारा भाग आहे असे गृहीत धरा आणि बदलायला संकोच करू नका. वापर झाला की कोरड्या मऊ कापडाने पुसा, स्पिरिट लावू नका, पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

आता जाड लेदरच्या पॅडकडे. ते वाईट नाहीत, पण त्यांनी हेडफोन वेगळा होतो. पॅडची खोली वाढली की आतल्या हवेचे आकारमान वाढते, ड्रायव्हर दूर जातो, आवाज मोकळा आणि रुंद वाटतो, पण बेसची ठोस पकड आणि आवाजाची सलगी कमी होऊ शकते. आतल्या भिंतीचे कापड कोणते यानेही फरक पडतो. गुळगुळीत चामडे आवाज परतवते. छिद्रे पाडलेले चामडे आणि वेलूर (मखमलीसारखे कापड) तो थोडा शोषतात. वेलूरमधून हवाही झिरपते, म्हणून एम५०एक्ससारख्या बंद हेडफोनला वेलूर लावले की बेस स्पष्ट उतरतो. उन्हाळ्यात कान गरम होतात म्हणून लोक वेलूर घेतात आणि मग बेस कुठे गेला म्हणून शोधत बसतात. घाम नको आणि बेसही हवा, तर बाहेरून चामडे आणि चेहऱ्याला लागणाऱ्या बाजूला कापड असलेले मिश्र पॅड बघा.

काही हेडफोनमध्ये तर पॅडच आवाज ठरवतो. ग्राडो कंपनीच्या हेडफोनचे फोमचे पॅड तीन प्रकारांत मिळतात. चपट्याने बेस भरतो, वाटीसारख्याने ड्रायव्हर दूर जाऊन वरचा भाग उजळतो, आणि सर्वांत मोठ्याने कान पूर्ण आत जाऊन अंतर आणखी वाढते. याच ग्राडोंना सेनहायझरच्या १९६८ सालच्या एचडी ४१४ चे पिवळे फोम पॅड लावून मध्यभागी गोल भोक कापायचा प्रयोग शौकीन मंडळी कितीतरी वर्षे करत आली आहेत. उलट सेनहायझर एचडी ६०० ला मी मूळ पॅडशिवाय काही लावू नका असेच सांगतो. त्याचा मधला भाग, म्हणजे माणसाचा आवाज, इतका नीट बसवलेला आहे की दुसऱ्या पॅडने तो बिघडण्याचीच शक्यता जास्त. त्याचे दबलेले पॅड बदलून मूळचेच नवे घातले की जुना एचडी ६०० पुन्हा ताजा होतो.

कापूस भरण्याचा सल्ला तुम्ही जिथून उचलला तो बहुधा फॉस्टेक्स टी५०आरपीसाठी दिलेला असणार. तो हेडफोन वेगळ्या जातीचा आहे. त्यात नेहमीच्या, मागे कॉइल जोडलेल्या पडद्याऐवजी पातळ सपाट फिल्म असते, तिच्यावर वाहक रेषा छापलेल्या असतात आणि दोन्ही बाजूंना चुंबक असतात. ड्रायव्हर उत्तम, पण प्लॅस्टिकचे कप हलके आणि पोकळ. म्हणून त्याला कपाच्या आतून प्लॅस्टिसिन किंवा गाडीच्या दारात लावतात ती ब्युटाइलची शीट चिकटवून वजन वाढवणे, मागच्या पोकळीत थोडा कापूस किंवा लोकर ठेवून आतल्या आत परतणारा आवाज शोषणे, बेसच्या फटी टेपने कमी-जास्त झाकणे आणि खोल पॅड लावणे ही सगळी सुधारणा खरोखर फळते. डॅन क्लार्क यांच्या मिस्टरस्पीकर्स कंपनीचा मॅड डॉग हा असाच सुधारलेला टी५०आरपी होता, आणि झेडएमएफ या कंपनीची सुरुवातही याच हेडफोनच्या सुधारणेतून झाली. आज या दोन्ही कंपन्या (मिस्टरस्पीकर्सचे नाव आता डॅन क्लार्क ऑडिओ आहे) पूर्ण स्वतंत्र रचनेचे महागडे हेडफोन काढतात. हौशी टेबलावर सुरू झालेल्या कामाला याहून चांगले फळ कुठले यायचे!

पण तिथेही प्रमाणाला महत्त्व आहे. कापूस जास्त झाला की आवाज कोंदट होतो, तंबोऱ्याची जवारी मरते. एम५०एक्सच्या कपात मोकळी जागाही कमी आणि ड्रायव्हरही वेगळा, त्यामुळे तो नुस्खा इथे तसाच लागू होत नाही.

तरीही पुढे काही करून पाहायचे असेल, तर औषधाच्या दुकानात मिळणारी कागदी मायक्रोपोर टेप घ्या. तिच्यातून थोडी हवा जाते, म्हणून भोक पूर्ण न बुजवता त्याचा अडथळा वाढवता येतो. पारदर्शक चिकटपट्टी भोक बंदच करते. प्रत्येक वेळी एकच बदल करा, दोन्ही बाजूंना सारखा करा, आणि काढता येईल असाच करा. गोंद, कापाकापी, ड्रिल काही नको. लोखंडी स्क्रूड्रायव्हर ड्रायव्हरजवळ नेऊ नका. चुंबक तो ओढून घेतो आणि पडद्याला भोक पडते. व्हॅक्यूम लावून किंवा फुंकर मारून धूळ काढण्याचा मोहही टाळा, पडदा आत दबतो. कॉइलच्या तारा केसाएवढ्या बारीक असतात.

फरक ऐकताना स्मरणावर भिस्त ठेवू नका. पॅड बदलायला लागणाऱ्या वेळात कान जुना आवाज विसरतो, आणि दोन दिवसांत कुठलाही आवाज सवयीचा वाटू लागतो. डावीकडे नवा पॅड लावा, उजवीकडे जुना ठेवा, फोनच्या सेटिंगमध्ये आवाज मोनो करा आणि ओळखीचे ध्वनिमुद्रण ऐका. मग पॅड आपापसांत बदलून पुन्हा ऐका, म्हणजे दोन ड्रायव्हरमधला किंवा दोन कानांमधला फरक पॅडच्या खात्यावर जाणार नाही. मला यासाठी तबल्याच्या साथीचा विलंबित ख्याल सर्वांत उपयोगी वाटतो. डग्ग्याची मींड, तंबोऱ्याचा खर्ज, गायकाचा श्वास सगळे सावकाश समोर येते.

इक्वलायझरबद्दल, म्हणजे निरनिराळ्या सुरांची पातळी कमी-जास्त करणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल, तुम्ही विचारले नाही, पण सांगतोच, कारण तो फुकट आहे आणि परत फिरवता येतो. विंडोजवर इक्वलायझर एपीओ, अँड्रॉइडवर वेव्हलेट. ऑटोइक्यू या हेडफोननिहाय सेटिंग्जच्या संग्रहात एम५०एक्सची तयार सेटिंग्ज मिळतात. मात्र ती चांगल्या स्थितीतल्या मूळ पॅडवर मोजलेली आहेत. वेगळे पॅड लावल्यावर ती चालतील असे समजू नका, आणि फुटलेल्या सीलमधून गेलेला बेस इक्वलायझरने भरायला गेलात तर ड्रायव्हरला विनाकारण जास्त हलावे लागते.

तेव्हा एम५०एक्सचे मूळ सुटे पॅड मागवा, त्यांचे नाव एचपी-एम५०एक्स असे आहे. जुने काढताना पॅडची कड बोटाने उचलून गोल फिरवत ओढा. नवे बसवताना कड एका बाजूने खोबणीत घाला आणि जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने उरलेली हळूहळू सरकवत न्या, चामडे फाटणार नाही. सुरुवातीला ते घट्ट वाटतील आणि आवाज थोडा दूरचा वाटेल. फोम बसायला आठवडाभर द्या, मग ४० हर्ट्झची चाचणी चष्म्यासकट पुन्हा करा आणि कप दाबल्यावर फरक पडतो का ते इथे कळवा. पडत नसेल आणि टाळ तरीही टोचत असतील, तर आपण ८ ते १० किलोहर्ट्झच्या आसपास दोन-तीन डेसिबल उतरवून पाहू.