व्यस्त, विलोम आणि खळ्यावरची रास

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या एका पालकांची शंका अशी आहे. घरात थोरलीची महाराष्ट्राची सातवीची जुनी गणिताची पुस्तकं आहेत, त्यात 'समप्रमाण' आणि 'व्यस्तप्रमाण'. धाकटा कन्नड माध्यमात आठवीला आहे, त्याच्या पुस्तकात 'नेर' आणि 'विलोम' अनुपात. तो विचारतो, व्यस्त म्हणजे कामात असलेला ना? मग प्रमाण कसलं कामात असतं? आणि या दोन शब्दांतला बरोबर कुठला?

आधी मुलाला सांगा की चूक त्याची नाही. चूक 'मी सध्या व्यस्त आहे' असं दिवसातून दहा वेळा म्हणणाऱ्या मोठ्या माणसांची आहे. हिंदीत आणि बंगालीत व्यस्त म्हणजे कामात बुडालेला, तिथं तो त्या भाषांचा रुळलेला शब्द आहे. मराठीला त्याची गरज नव्हती. आपल्याकडे माणूस कामात असतो, गर्क असतो, गुंतलेला असतो, त्याला सवड नसते, उसंत नसते. बेळगावच्या बाजारात आजही 'कामात हाय, मागनं फोन करतो' एवढं पुरतं. बातमीवाल्यांनी आणि मोबाइल कंपनीच्या टेपवरच्या बाईंनी हिंदीतला अर्थ उचलला आणि गणिताच्या तासाला पोरं बुचकळ्यात पडली.

व्यस्त म्हणजे उलटा, इकडचा तिकडे झालेला. मुळात संस्कृत 'अस्' धातू आहे. 'असणे'वाला नव्हे, दुसरा, फेकणे या अर्थाचा. जे फेकायचं ते अस्त्र. वि + अस्त = व्यस्त, म्हणजे दूर दूर फेकलेलं, विस्कटलेलं, जागा बदललेलं. ह्याच्याविरुद्ध सगळं एकत्र टाकलं की समस्त. 'समस्त गावकऱ्यांना आग्रहाचं निमंत्रण' असं यात्रेच्या फलकावर लिहितो तेव्हा त्या समस्तचा सख्खा भाऊ व्यस्त असतो. व्याकरणातही जोडलेलं पद समस्त आणि सोडवलेलं व्यस्त. समास आणि व्यास हीच जोडी. वर्तुळाचा व्यास, वेदांची विभागणी करणारे व्यास, विपर्यास, व्यत्यास, न्यास, संन्यास, अस्ताव्यस्त, सगळी एकाच धातूची भावंडं. व्यासंग मात्र या घरातला नाही, त्याचा धातू 'सञ्ज्', चिकटून राहणे.

एक व्युत्पत्ती हौशी मंडळी ठोकून देतात ती इथंच खोडतो: 'व्यस्त म्हणजे विशेष अस्त, एक राशी (म्हणजे गणितातली संख्या) मावळत जाते म्हणून'. साफ चूक. मावळण्याच्या 'अस्त'चा वैदिक अर्थ घर. सूर्य अस्ताला जातो म्हणजे घरी जातो. इतका सुंदर शब्द त्रैराशिकाच्या, म्हणजे तीन राशींवरून चौथी काढायच्या गणिताच्या, गळ्यात बांधायचं कारण नाही.

आता मूळ मुद्दा. व्यस्त बरोबर की विलोम, हा वादच उभा राहत नाही. भास्कराचार्यांनी ११५० सालच्या लीलावती या गणिताच्या ग्रंथात दोन्ही शब्द एकाच चरणात ठेवलेत. त्रैराशिकाचा नियम सांगून झाल्यावर शेवटी येतं: 'व्यस्तविधिर्विलोमे'. नातं विलोम असेल तर विधी व्यस्त करा. विलोम म्हणजे दोन राशींचं एकमेकींशी वागणं आणि व्यस्त म्हणजे आपण करायची रीत. महाराष्ट्राच्या पुस्तकानं रीतीचं नाव घेतलं, कन्नड पुस्तकानं वागण्याचं. (भास्कराचार्य विजापूरचे की चाळीसगावजवळच्या पाटणचे, यावर सीमेच्या दोन्ही बाजूंना हमरीतुमरी चालते. शब्दांपुरतं बोलायचं तर त्यांनी दोघांनाही वाटा दिलेला आहे.)

विलोममधला 'लोम' म्हणजे अंगावरचा केस, लव. बैलाच्या मानेवरून शेपटीकडं हात फिरवा, केस बसतात, हात घसरत जातो. हे अनुलोम. तोच हात शेपटीकडून मानेकडं न्या, केस उभे राहतात, तळव्याला टोचतात. हे विलोम. प्राणायामामुळे शब्द सगळ्यांना पाठ आहेत, बैल मात्र कोणी दाखवत नाही. हिंदी पुस्तकातला 'प्रतिलोम समानुपात' त्याच लवेचा. 'नेर' हा कन्नडचा स्वतःचा शब्द, सरळ या अर्थाचा.

व्यस्तविधी म्हणजे नेमकं काय उलटं करायचं, ते भाताच्या लावणीवर पाहू. समजा १२ बायका एक शेत ६ दिवसांत लावतात, तर १८ बायका किती दिवसांत लावतील? जुन्या रीतीत तीन खणांत तीन राशी मांडत: प्रमाण १२, फल ६, इच्छा १८. प्रमाण आणि इच्छा एका जातीच्या, दोन्ही बायका. फल दुसऱ्या जातीचं, दिवस. सम रीतीत फलाला इच्छेनं गुणायचं आणि प्रमाणानं भागायचं: ६ × १८ ÷ १२ = ९. बायका वाढल्या आणि दिवसही वाढले, म्हणजे शेतमालकाचं दिवाळं. व्यस्त रीतीत प्रमाण आणि इच्छा आपल्या जागा बदलतात: ६ × १२ ÷ १८ = ४. गुणणारा भागणारा झाला, भागणारा गुणणारा झाला. तीन राशींतली फक्त ही दोन पदं उचलून एकमेकांच्या जागी टाकली, म्हणून ते व्यस्त. फेकण्याचा धातू इथं डोळ्यांसमोर काम करताना दिसतो. 'प्रमाण' हा शब्दही जुन्या त्रैराशिकात या पहिल्या खणातल्या राशीचं नाव आहे, हे किती शिक्षक सांगतात?

हे खण बंद झाले, तिरकस गुणाकार आला आणि घोटाळा वाढला. मूल १२/६ = १८/क्ष असं लिहितं, तिरकस गुणतं आणि ९ काढतं, कारण मांडणीत नातं कुठं लिहिलेलंच नसतं. दुसरी चूक याहून वाईट: 'सहा बायका वाढल्या, म्हणून सहा दिवस कमी'. उत्तर शून्य दिवस! ही बेरीज-वजाबाकीची सवय 'सम' या शब्दानं आणखी पक्की होते. सम म्हणजे सारखं, तर दोन्हीकडं सारखंच मिळवायचं, असं मूल समजतं. ३ वह्यांना ७५ रुपये, तर ५ वह्यांना ७७! सम म्हणजे इथं सारख्या पटीनं. पट हा शब्द तासाला वीसदा उच्चारा. आणि समच्या विरुद्ध 'विषम प्रमाण' लिहिणाऱ्या मुलाला रागावू नका. सम-विषम संख्या त्यानं आधीच्या इयत्तांत घोकल्यात. इथं जोडी सम आणि व्यस्त अशी आहे, एवढं सांगा.

माझा खरा राग आहे तो या व्याख्येवर: 'एक वाढलं की दुसरं कमी होतं, ते व्यस्त प्रमाण'. मार्गदर्शक पुस्तकांत हीच छापतात, फळ्यावर हीच लिहितात, अग्रलेखांतही 'महागाई आणि बचत यांचं व्यस्त प्रमाण' असंच येतं. ही व्याख्या अपुरी आहे. २० सेंटिमीटरची मेणबत्ती तासाला २ सेंटिमीटर जळते. १ तासानं उरली १८, २ तासांनी १६, ४ तासांनी १२. वेळ वाढतो, उंची घटते. पण १ × १८ = १८, २ × १६ = ३२, ४ × १२ = ४८. गुणाकार जागेवर राहत नाही, म्हणून हे व्यस्त प्रमाण नाही. वेळ दुप्पट झाला तर उंची निम्मी व्हायला हवी होती. समप्रमाणातही हाच सापळा. रिक्षाला पहिल्या २ किलोमीटरला ४० रुपये आणि पुढं किलोमीटरला १५ धरा. ४ किलोमीटरला ७० होतात, ८० नाही. भाडं अंतराबरोबर वाढतं खरं, समप्रमाणात मात्र नाही. समप्रमाणात भागाकार कायम राहतो, व्यस्तात गुणाकार. आलेख काढला तर पहिल्याची रेषा सरळ आणि आरंभबिंदूतून जाणारी, दुसऱ्याचा वक्र दोन्ही अक्षांच्या जवळ जात राहणारा आणि कधीच न टेकणारा. मेणबत्तीची रेषा सरळच येते आणि दहाव्या तासाला अक्षाला टेकते. एवढ्यावरूनही कळतं.

यावर विद्वान मंडळी म्हणतात, इच्छा वाढली की फळ घटतं आणि इच्छा घटली की फळ वाढतं ते व्यस्त त्रैराशिक, हे तर भास्कराचार्यांनीच सांगितलंय. सांगितलंय, मान्य. पण ते ओळखण्याची खूण म्हणून. लगेच जी रीत ते लावतात, ती गुणाकार कायम असल्याखेरीज चालतच नाही. खूण उचलायची आणि रीत सोडायची, हे त्यांच्या नावावर खपवू नका. त्यांचंही एक उदाहरण मला पटत नाही: बैल जुंपल्याची वर्षं आणि त्याची किंमत. वर्षं तिप्पट झाली म्हणून किंमत बरोबर एक तृतीयांश होते, हा बाजाराचा करार असू शकतो, बैलाचा गुण नव्हे.

त्यांचं धान्याचं उदाहरण मात्र असं आहे की त्यापुढं कुठल्याच व्याख्येची गरज राहत नाही. धान्याची रास ७ आढकांच्या (आढक हे धान्य मोजायचं जुनं परिमाण) मापानं मोजली तर १०० मापं भरली. ५ आढकांच्या मापानं मोजली तर किती? ७ × १०० = ७००, भागिले ५, उत्तर १४०. आता नीट पाहा, हे ७०० म्हणजे काय? ती समोरची रास. मापं बदलली, मोजणी बदलली, ढीग तिथंच आहे, त्यातला एक दाणा हललेला नाही. व्यस्त प्रमाणातला 'स्थिर गुणाकार' म्हणजे खळ्यावरची रास! मुलाला तांदळाचा एक ढीग करून द्या. आधी वाटीनं मोजायला लावा, मग निम्म्या मापाच्या वाटीनं. दुप्पट वाट्या भरतील. मेणबत्तीच्या गणितात अशी रास सापडत नाही, कारण तिथं जळलेला आणि उरलेला भाग यांची बेरीज कायम असते, गुणाकार नव्हे.

आणि राशी या शब्दाचा पहिला अर्थ ढीगच आहे. त्रैराशिक म्हणजे तीन राशींचं गणित, हे कोशातलं उत्तर. माझं मत असं की या भागातल्या मुलाला तो शब्द संस्कृतातून शिकवायची गरजच नाही. सुगीत आपल्याकडं रास करतात, शेजारच्या कन्नड शेतातही 'राशि' करतात, दोघंही मळणी उरकून धान्याचा ढीगच घालतात. एका बांधावर दोन भाषा आणि शब्द एक. गुणोत्तर, चलन, अनुपात हे शब्द पुढं येतच राहतील, महाराष्ट्राच्या आठवीत समचलन आणि व्यस्तचलनही येतील. आधी रास येऊ द्या.

अजून एक, कारण सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'अभ्यास' हा शब्दही त्याच फेकण्याच्या 'अस्' धातूचा आणि जुन्या गणितात अभ्यास म्हणजे चक्क गुणाकार. तिरकस गुणाकाराला 'वज्राभ्यास' म्हणत. म्हणजे व्यस्त प्रमाण तपासायचं ते अभ्यासानं. दोन्ही शब्द एकाच धातूचे, हा योगायोग असेलही, पण मी तो वर्गात सांगितल्याशिवाय पुढं जाणार नाही.

राहिला परीक्षेचा प्रश्न. कन्नड पेपरात मुलानं 'विलोम अनुपात' लिहावं, मराठी पेपरात 'व्यस्त प्रमाण', आणि दोन्हीकडं उत्तराच्या आधी एक ओळ लिहावी: १२ × ६ = ७२, १८ × ४ = ७२.