‘म्युरेट’ हा शब्द आला कोठून?

प्रश्न : केळीच्या कांदेबागेसाठी (पावसाळ्याच्या अखेरीस केलेल्या लागवडीसाठी) आणलेल्या लाल पोटॅशच्या गोणीवर ‘म्युरेट ऑफ पोटॅश’ असे छापलेले आहे, तर मुलाच्या पुस्तकात त्याच खताला पोटॅशियम क्लोराइड म्हटले आहे. ‘म्युरेट’ म्हणजे काय? आणि त्यातील क्लोरीन पाणी शुद्ध करण्यासाठी वापरतात तोच का?
– एक केळी उत्पादक, रावेर

उत्तर : दोन्ही नावे एकाच क्षाराची आहेत, ‘म्युरेट’ हे क्लोराइडचे जुने नाव होय. लॅटिनमध्ये ‘मुरिया’ म्हणजे मिठाचे पाणी. मीठ आणि गंधकाम्ल यांपासून मिळणाऱ्या आम्लाला त्यावरून म्युरिअ‍ॅटिक आम्ल म्हणत आणि त्याच्या क्षारांना म्युरेट. आज तेच हायड्रोक्लोरिक आम्ल.

१७७४ मध्ये स्वीडनमध्ये रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी हे आम्ल मँगनीज डायऑक्साइडबरोबर तापवून हिरवट पिवळा वायू मिळवला. परंतु आम्ल म्हटले की त्यात ऑक्सिजन असलाच पाहिजे, असे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिये यांचे मत पुढे प्रबळ ठरल्यामुळे तो वायू म्हणजे जादा ऑक्सिजन असलेले म्युरिअ‍ॅटिक आम्लच, अशी समजूत बरीच वर्षे टिकली. लाव्हाझिये यांच्यासारख्यांचा शब्द मोडणे सोपे नव्हते. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी पांढरा दिसेपर्यंत तापवलेला कोळसा वापरूनही त्या वायूतून ऑक्सिजन निघेना, तेव्हा १८१० मध्ये त्यांनी तो मूलद्रव्य असल्याचे जाहीर केले आणि फिकट हिरवा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला ‘क्लोरीन’ हे नाव दिले. शास्त्रात म्युरेटचे क्लोराइड झाले. खतांच्या व्यापाराने मात्र जुने नाव सोडले नाही.

गोणीवरचा ६० टक्क्यांचा आकडाही अशाच जुन्या रिवाजातला आहे. तो पोटॅशियम ऑक्साइडच्या हिशेबाने लिहितात, पण गोणीत ते ऑक्साइड मुळीच नसते. प्रत्यक्ष पोटॅशियम सुमारे ५० टक्के असते.

मूलद्रव्य तेच असले, तरी खतातील क्लोरीन खाण्याच्या मिठातल्याप्रमाणे क्लोराइडच्या रूपात असतो. तो जंतू मारत नाही आणि त्याचा वायूही सुटत नाही. तथापि शुद्ध पोटॅशियम क्लोराइडच्या वजनात त्याचा वाटा सुमारे ४७ टक्के असल्याने खारवट जमिनीत किंवा तंबाखूसारख्या क्लोराइड न सोसणाऱ्या पिकाला सल्फेट ऑफ पोटॅश देणे इष्ट. ते महाग पडते.