वाचकांचे प्रश्न : साडेचार हजार ओळींतली फंक्शने

प्रश्न : आमच्या मोहल्ल्यातील मराठी वाचनालयाची वर्गणी आणि पुस्तकांची देवघेव सांभाळणारा पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषेतला जुना प्रोग्राम माझ्याकडे आला आहे. त्याची मुख्य फाइल साडेचार हजार ओळींची असून ती लिहिणारे गृहस्थ आता पुण्याला असतात. कोणते फंक्शन (एकेक काम करणारा प्रोग्रामचा तुकडा) कोठे आहे याची यादी कागदावर काढावी म्हणून मी नोटपॅड प्लस प्लस या संपादकात ‘फंक्शन’ हा शब्द शोधला, तर कॉमेंटमधल्या, म्हणजे केवळ वाचणाऱ्यासाठी लिहिलेल्या टिपांतल्या, ओळीही आल्या. मग रेग्युलर एक्स्प्रेशनचा पर्याय निवडून ‘फंक्शन.*\)’ असे दिले, तेव्हा पहिल्या फंक्शनापासून जवळजवळ फाइलच्या अखेरपर्यंतचा मजकूर एकदमच निवडला गेला. माझे काय चुकते आहे?
— एक वाचक, स्नेहलतागंज, इंदूर

उत्तर : आधी एक खुलासा. या अंकात सर्व मजकूर नागरीत छापला जात असल्यामुळे साच्यांतील, म्हणजे शोधासाठी दिलेल्या रेग्युलर एक्स्प्रेशनांतील, मूळ शब्दही नागरीत दिले आहेत. संगणकावर ते इंग्रजी लिपीतच टंकावेत. चिन्हे मात्र जशी छापली आहेत तशीच घ्यावीत.

आपल्या साच्यातील टिंबाचा अर्थ ‘कोणतेही एक अक्षर’ असा आहे, आणि पुढच्या तारकेचा ‘ते कितीही वेळा, अगदी शून्य वेळाही’ असा. तारका स्वभावाने हावरी असते. पुढचा कंस जुळेल इतपत जागा राखून ती जितके गिळता येईल तितके गिळते. एरवी तिचा हावरटपणा ओळीच्या शेवटी थांबतो, परंतु शोधाच्या चौकटीत ‘टिंबाने नवी ओळही जुळावी’ अशा अर्थाचा एक पर्याय असतो आणि आपल्याकडे त्यावर खूण झालेली असणार. त्यामुळे तारका ओळी ओलांडत फाइलमधल्या शेवटच्या बंद कंसापर्यंत गेली. ती खूण काढलीत की हा प्रकार थांबेल. पण यादी तेवढ्याने स्वच्छ होणार नाही, कारण बंद कंस शोधण्याची आपल्याला गरजच नाही. फंक्शनाची ओळख त्याच्या नावात आणि नावानंतरच्या उघड्या कंसात आहे. शोध तेथेच थांबवला, तर कंसातली यादी पुढच्या तीन ओळींवर पसरलेली असली तरी बिघडत नाही.

म्हणून साचा असा घ्यावा :

^ *फंक्शन +[^ (]+ *\(

सुरुवातीचे टोपीसारखे चिन्ह ‘ओळीच्या आरंभापासून’ असे सांगते आणि माझ्या मते यादीतला अर्धा कचरा ते एकटेच काढते, कारण दोन तिरक्या रेघांनी सुरू होणारी कॉमेंट तेथेच गळते. त्यानंतर मोकळी जागा कितीही चालेल, मग ‘फंक्शन’, मग किमान एक मोकळी जागा. चौकोनी कंसाच्या आत हीच टोपी नकार दाखवते : मोकळी जागा आणि उघडा गोल कंस सोडून काहीही, म्हणजेच नाव. पीएचपीत नावे देवनागरीतही ठेवता येतात, म्हणून केवळ इंग्रजी अक्षरांची अट घालण्यापेक्षा ही नकारी अट बरी. शेवटच्या गोल कंसाआधी उलटी तिरकी रेघ द्यावीच लागते, नाहीतर तो कंस गट बांधण्याची खूण समजला जातो. ज्या फंक्शनाला नावच नाही ते या साच्यात येत नाही, आणि यादीसाठी तेच हवे आहे.

क्लासमधल्या फंक्शनांपुढे ‘पब्लिक’, ‘स्टॅटिक’ असे शब्द असतात. त्यांची सोय अशी :

^ *((पब्लिक|प्रायव्हेट|प्रोटेक्टेड|स्टॅटिक|फायनल|ॲब्स्ट्रॅक्ट) +)*फंक्शन +[^ (]+ *\(

उभी रेघ म्हणजे ‘किंवा’. एवढे करूनही निम्मी फंक्शने गायब दिसली तर घाबरू नये. मूळ लेखकाने ओळी आत सरकवण्यासाठी टॅब वापरला असेल. अशा वेळी सुरुवातीच्या मोकळ्या जागेऐवजी चौकोनी कंसात मोकळी जागा आणि उलटी तिरकी रेघ जोडलेला इंग्रजी लहान टी, असे दोन्ही लिहावे.

आता कागदाकडे वळू. शोधाच्या चौकटीतील ‘मार्क’ या टॅबवर ‘बुकमार्क लाइन’ला खूण करून वरचा साचा चालवावा आणि सर्च मेनूतील बुकमार्कच्या पोटमेनूतून खूण झालेल्या ओळींची नक्कल घेऊन ती नव्या फाइलमध्ये चिकटवावी. ओळींचे क्रमांक हवे असतील तर ‘फाइंड ऑल इन करंट डॉक्युमेंट’ने खालच्या पटलात येणारा निकाल अधिक उपयोगी पडेल. मात्र छपाईआधी एक ताळा करावा, तो मी स्वतः कधी टाळत नाही. मूळ फाइलमधल्या खुणा काढून नुसता ‘फंक्शन’ शब्द असलेल्या सर्व ओळींची अशीच नक्कल दुसऱ्या नव्या फाइलमध्ये घ्यावी, त्या फाइलवर आपला काटेकोर साचा चालवून खुणा कराव्यात आणि त्याच पोटमेनूतून खुणेच्या ओळी पुसून टाकाव्यात. मागे उरतात त्या आपल्या साच्याने नाकारलेल्या ओळी. त्या डोळ्यांनी वाचाव्यात. खरे फंक्शन सुटले असेल तर ते येथेच सापडते.

उलट बाजूची चूक, म्हणजे नको ती ओळ यादीत येणे, पूर्णपणे टाळता येत नाही. अनेक ओळींच्या कॉमेंटमध्ये झाकलेले जुने फंक्शन किंवा त्याच फाइलमध्ये लिहिलेले जावास्क्रिप्टचे फंक्शन दिसायला अगदी तसेच असते. आपल्या इंदूरच्या सराफ्यात एकाच ओट्यावर दिवसा सोनेचांदी आणि रात्री भुट्ट्याचा कीस. नुसता पत्ता पाहणाऱ्याला काय कळणार? रेजेक्सही (रेग्युलर एक्स्प्रेशनचे हे छोटे नाव) पत्ताच पाहते. त्याच कारणाने फंक्शन कोठे संपते हेही त्याला विचारू नये. त्यासाठी फंक्शनाभोवतीचे, एकात एक असलेले महिरपी कंस मोजावे लागतात, आणि ते गणितज्ञ स्टीफन क्लीनी यांनी 1951 साली मांडलेल्या रेजेक्सच्या मूळ कल्पनेच्या आवाक्याबाहेरचे आहे, आणि आजच्या विस्तारित रूपांत ते जमवले तरी अवतरणचिन्हांत आलेला एखादा कंस सगळा हिशेब बिघडवतो.

ओळी छापून दाखवण्याची आपली गरज मात्र फार जुनी आहे. केन थॉम्प्सन यांनी असा शोध संगणकावर कसा चालवावा हे 1968 साली प्रसिद्ध केले; पुढे युनिक्सच्या ‘ईडी’ या संपादकात जुळणाऱ्या सर्व ओळी छापण्याचा जो आदेश होता, त्याच्याच अक्षरांवरून ‘ग्रेप’ या ओळी शोधणाऱ्या साधनाचे नाव पडले. नोटपॅड प्लस प्लसच्या व्ह्यू मेनूत ‘फंक्शन लिस्ट’ नावाचे तयार पटल आहे, तेही आतून रेजेक्सवरच चालते. त्याचे नियम प्रत्येक भाषेच्या एक्सएमएल फाइलमध्ये असतात आणि कॉमेंट वगळण्यासाठी तेथे वेगळा साचा दिलेला असतो. सवडीने उघडून पाहावा. रोजच्या वावरासाठी ते पटल पुरेसे आहे. वाचनालयाच्या प्रोग्राममध्ये याखेरीज आणखी वीसपंचवीस फाइली निघाल्या, तर हाताने साचे चालवत बसू नये. ‘युनिव्हर्सल सीटॅग्ज’ हे मोफत साधन सगळ्या फाइलींमधील नावांची सूची एकाच फाइलमध्ये काढून देते.