ब्लाइंड नंतर, आधी भिंत कसली आहे ते बघा

ताई, पाथर्डी फाट्याला नवीन फ्लॅट, तिसरा मजला, हॉलची मोठी खिडकी पश्चिमेला, दुकानदार झेब्रा ब्लाइंडच (खिडकीचा पट्ट्यापट्ट्यांचा गुंडाळता पडदा) घ्या म्हणतोय आणि फिटिंगचे पैसे वेगळे सांगतोय, तर घरच्या घरी लावता येईल का, असं विचारलंय तुम्ही. येईल की. मी इंदिरानगरला आमच्याकडे सहा, मेहुण्याकडे चार आणि आईच्या घरी दोन लावलेत, त्यातले पहिले दोन फसले होते, तेव्हा जे सांगतोय ते खिसा हलका करून शिकलेलं आहे.

आधी झेब्राचं. दिसायला मस्त, पाहुणे विचारतात कुठून घेतले, पण त्यात एक पट्टा जाड आणि एक जाळीचा असे दोन थर एकमेकांवर सरकतात, आणि पूर्ण बंद केला तरी पट्ट्यांच्या कडेने उजेड झिरपतोच. पूर्वेच्या बेडरूमला चालेल. पश्चिमेला नाही. आपलं नाशिक साधारण 20 अंश अक्षांशावर, त्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि परत जुलैच्या शेवटाकडे दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर असतो, म्हणून उन्हाळ्यात दक्षिणेची खिडकी निवांत असते आणि सगळा मार पश्चिमेला बसतो. चार-साडेचारनंतर ऊन इतकं आडवं येतं की वरचा छज्जा असून नसल्यासारखा. तिथे साधा रोलर ब्लाइंड घ्या, म्हणजे वरच्या पाइपवर सलग एकच कापड गुंडाळलं जातं तो, ब्लॅकआउट म्हणजे उजेड अडवणाऱ्या कापडाचा, मागची बाजू पांढरी असलेला, आणि ती पांढरी बाजू काचेकडेच राहील हे ऑर्डर देतानाच सांगा. गडद कापड घेतलंत तर ते स्वतः तापतं आणि संध्याकाळी हॉलमध्ये शेगडी ठेवल्यासारखं होतं. खरं सांगायचं तर ऊन काचेतून आत आल्यावर अडवण्यापेक्षा बाहेर अडवलेलं कधीही चांगलं, पुढे बाल्कनी असेल तर बांबूची चिक टांगा, स्वस्तात काम होतं, आमच्या आजोळी तर वाळ्याचे पडदे असायचे आणि त्यावर पाणी मारायचं काम आम्हा पोरांकडे. पण ते असो.

आता माप. नवीन बिल्डिंग असली तरी खिडकी काटकोनात आहे असं धरून चालू नका. माझा पहिला घोळ हाच, चौकटीच्या आत बसवायचा म्हणून फक्त मधली रुंदी घेतली, वरती तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) कमी निघाली आणि ब्लाइंड आत जाईचना, पुन्हा कापून आणायला लागला. आत बसवायचा असेल तर वर, मध्ये, खाली अशी तीन मापं घ्या आणि सगळ्यात लहान माप द्या, त्यातून ब्रॅकेटसाठी (ब्लाइंडची दोन टोकं ज्यात अडकतात ते आधार) किती कमी करायचं ते बनवणारा करतो, तुम्ही आपल्या मनाने कमी करू नका, नाहीतर दोनदा कमी होतं. पण माझा सल्ला विचाराल तर आत बसवूच नका. आपल्याकडच्या तीन ट्रॅकच्या सरकत्या खिडकीला आतून जेमतेम दोन-अडीच इंच खोली उरते, आणि गुंडाळलेला रोलर जवळपास तीन इंच मागतो, मग तो जाळीच्या हँडलला घासत बसतो. शिवाय कापड नेहमी दोन ब्रॅकेटमधल्या अंतरापेक्षा इंच-सव्वा इंच अरुंद असतं, म्हणजे दोन्ही कडेला उन्हाच्या उभ्या रेघा. त्यापेक्षा भिंतीवर लावा, दोन्ही बाजूंना तीन-चार इंच जास्त आणि वर चार इंच.

आणि मुख्य गोष्ट, ज्यावर कुणी बोलत नाही. तुम्ही भोक कशात पाडताय? खिडकीच्या वर बहुतेक ठिकाणी लिंटेल असतं नाहीतर थेट बीम, म्हणजे पक्कं काँक्रीट, तिथे साध्या ड्रिलने पंधरा मिनिटं घाम गाळाल आणि पाव इंच जाईल, हॅमर ड्रिल लागतंच (विकत घेऊ नका, भाड्याने किंवा शेजाऱ्याकडून आणा). भिंत लाल विटेची, नाहीतर हल्ली सर्रास सिपोरेक्स ब्लॉकची, म्हणजे सिमेंटच्या हलक्या, सच्छिद्र ठोकळ्यांची. ओळखायचं कसं, तर भोकाच्या खाली एक जुनं पाकीट उघडं करून मास्किंग टेपने चिकटवा, धूळ त्यात पडते आणि रंगही कळतो: लाल आली तर वीट, करडी बारीक पीठ आणि ड्रिल ओरडतंय तर काँक्रीट, पांढरट भुसभुशीत आणि ड्रिल लोण्यात गेल्यासारखं गेलं तर सिपोरेक्स. सिपोरेक्समध्ये हॅमर बंद करा आणि नेहमीची प्लास्टिकची गिट्टी (स्क्रू धरायला भोकात घालतात ती) वापरू नका, ती जागच्या जागी फिरते, हार्डवेअरवाल्याकडे ब्लॉकसाठीची लांब नायलॉनची गिट्टी मिळते ती मागा. विटेत 6 एमएमचं भोक आणि दीड-दोन इंची स्क्रू, कारण आतलं प्लास्टरच अर्धा इंच असतं, गिट्टी त्यातच अडकली तर महिन्याभरात प्लास्टरसकट हातात. ड्रिल मध्येच किंचाळून थांबलं तर सळई लागली समजा, जोर लावू नका, अर्धा इंच सरका.

माझा दुसरा घोळ ग्रॅनाइटचा. चौकटीला ग्रॅनाइट बसवलेलं असतं ना, त्यात मी हॅमर चालू ठेवून घुसवलं, रुपयाएवढा टवका उडाला तो आजही दिसतो, आणि बायको पाहुण्यांना आवर्जून दाखवते. दगडात टाइलचा नाहीतर डायमंड बिट, हॅमर बंद, थेंब थेंब पाणी. पीओपीच्या किंवा जिप्समच्या सीलिंगमध्ये तर स्क्रू मारूच नका, मागे लाकडी पट्टी असल्याशिवाय वजन पेलत नाही. आणि स्विचबोर्ड किंवा एसीच्या पॉइंटच्या सरळ वर-खाली ड्रिल नको, वायर तिथूनच उभी गेलेली असते.

बसवणं म्हणाल तर अर्ध्या तासाचं काम. लेव्हल पट्टी नसेल तर मोबाइलमधली चालते, पण लेव्हल दोन ब्रॅकेटची आपापसात बघा, चौकटीशी नको, चौकट वाकडी असू शकते. लावल्यावर कापड एका बाजूला चढायला लागलं तर आधी ब्रॅकेट परत तपासा, तरी चढत असेल तर ब्लाइंड पूर्ण खाली सोडून वरच्या पाइपवर एका टोकाला मास्किंग टेपचा एक वेढा द्या, उलट जास्तच चढलं तर काढून दुसऱ्या टोकाला द्या.

पावसाळ्यात खिडकी उघडी असताना ब्लाइंड वरच गुंडाळून ठेवा. तिकडे पांडवलेणीच्या मोकळ्या बाजूने वारा जोरात येतो, खालची पट्टी आपटून आपटून कापड कडेला फाटतं, मेहुण्याचं फाटलंय.

घरात लहान मूल आहे असं लिहिलंय तुम्ही, म्हणून एक. ब्लाइंड वर-खाली करायची साखळी सैल लोंबती ठेवू नका, मानेत अडकू शकते. सोबत एक छोटी क्लिप येते, फिटिंगवाले ती सरळ पिशवीत टाकून देतात, ती साखळी ताणून भिंतीला स्क्रूने पक्की बसवा, साखळीचं खालचं टोक जमिनीपासून निदान दीड मीटर वर राहील अशा मापाची साखळी मागा, आणि खिडकीखालचा सोफा तेवढा बाजूला घ्या.