चोवीस तासांच्या नाटकाला निघालेल्या मुलीला

प्रिय मुली,

तुझा मेसेज मिळाला. शनिवारी रात्री नऊला जमायचं, रविवारी रात्री आठला प्रयोग, आणि तू लेखक म्हणून नाव दिलंयस. चांगलं केलंस. झोपेचं खोबरं होणार ते तुझंच, बाकीचे रात्री घरी जातील.

ही पद्धत न्यूयॉर्कची. 1995 साली टिना फॅलन यांनी तिथल्या लोअर ईस्ट साइडमध्ये ती सुरू केली, पुढे विद्यार्थ्यांच्या गटांनी ठिकठिकाणी उचलली. रात्री सगळे जमतात, येताना प्रत्येक जण एखादी वस्तू, एखादा कपडा आणतो. लेखक ते बघून रात्रभर लिहितात, सकाळी संहिता दिग्दर्शकाच्या हातात, दिवसभर तालीम, रात्री प्रयोग. एकेक नाटक दहा मिनिटांच्या आसपास.

तू मात्र करंडकांत वाढलेली. 1963 पासून चाललेल्या पुरुषोत्तमची, म्हणजे पुण्यातल्या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेची, सवय अंगात मुरलेली असते: महिनाभर तालमी, कॉलेजच्या जिन्यात घासून घेतलेले प्रवेश, मग भरत नाट्य मंदिरात घसा फुटेस्तोवर ‘आव्वाज कुणाचा’. त्यातली शिस्त घेऊन जा, आवाका घरी ठेव. करंडकाची संहिता तालमीत वाढते, दहा वेळा फाडून पुन्हा लिहिली जाते. इथे सकाळी सातला जे कागदावर असेल तेच रात्री लोक बघणार. म्हणून लहान लिही, आणि नटांच्या हाताला काम दे.

म्हणजे काय ते सांगते. समज, टेबलावर आलेल्या वस्तूंत लग्नपत्रिकांचा गठ्ठा आहे. तुझा पहिला विचार असणार की लग्न, मांडव, वरात, हुंडा, समाज. तो सोडून दे. दोन बहिणी जमिनीवर बसल्यात. एक पत्रिकांच्या कोपऱ्यांना हळद-कुंकू लावतेय, दुसरी पाकिटांवर नावं घालतेय. नावं घालणारी मध्येच थांबते आणि विचारते, ‘‘आपले विनीतमध्ये माझं नाव कुठंय?’’ झालं, नाटक सुरू. कोण कोणाची कोण, हे सांगायला वेगळी पानं लागत नाहीत. दुसरी उत्तर न देता कुंकवाचं बोट पुढच्या पत्रिकेला लावते, तेवढ्यात अर्धी गोष्ट कळते.

यात आणखी एक सोय आहे, थोडी लबाडीची. नावं घालणाऱ्या मुलीच्या मांडीवरच्या यादीत तिची अवघड वाक्यं लिहून ठेवता येतात. अडकली तर यादीत बघेल, प्रेक्षकांना वाटेल पत्ता शोधतेय. जी मुलगी सकाळी नऊला संहिता पहिल्यांदा पाहते आणि रात्री आठला उभी राहते, तिच्यासाठी एवढं करणं लेखकाचं कामच आहे.

पाठांतराचा विचार लिहितानाच कर. सगळ्यात मोठा धोका सारख्या क्यूंचा, म्हणजे ज्या वाक्यावरून पुढच्यानं आपलं वाक्य उचलायचं त्यांचा. तिसऱ्या पानावर ‘‘मग आता काय करायचं?’’ आणि सहाव्या पानावरही ‘‘मग आता काय करायचं?’’ असं असेल, तर एक दिवसाच्या पाठांतरावर उभा असलेला नट तिसऱ्यावरून थेट सहाव्यावर उडी मारणार. मधलं भांडण गेलं, शेवट कशाचा हे कुणाला कळेना, आणि प्रकाशवाला हातात दिवे कधी बदलायचे त्याची यादी घेऊन बघत बसलाय. पहाटे मोठ्यानं वाचताना अशी जुळी वाक्यं शोध आणि त्यातलं एक बदल. पानभर स्वगत तर लिहूच नकोस. ते तुला फार आवडेल, म्हणूनच सांगते.

पानाचा हिशेब ठोकळ आहे, संवादाचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. आठ पानांवर थांब, उरलेला वेळ हशा आणि शांतता खातात. पात्रं दोन, फार तर तीन. काळोख करून ‘दोन वर्षांनंतर’ नको, कारण एकाच रंगमंचावर सगळ्या गटांची टेक्निकल, म्हणजे दिवे-आवाजाची तालीम, उरकायची असते, वाट्याला येतील ती थोडी मिनिटं. दिवे लागले, दिवे गेले, मध्ये एखादा बदल, एवढ्यावर नाटक उभं राहिलं पाहिजे.

रात्रीचं म्हणशील तर बाराच्या आत भांडण कशावरून आहे ते ठरव आणि मग बदलू नकोस. दोन वाजता आधीच्यापेक्षा भारी कल्पना सुचते. सगळ्यांनाच सुचते. ती वहीत लिहून ठेव. घरून जुनी एकांकिका कापून आणायचा मोह मात्र नको, पहिल्या वाचनातच सगळ्यांना कळतं.

सकाळी संहिता दिलीस की घरी जा, झोप. तालमीत बसून नटाला ‘‘मला असं अपेक्षित नव्हतं’’ म्हणणारा लेखक दिग्दर्शकाचा दिवस खातो. दुपारी सलग तालमीला ये, लांबतंय तिथं काप सुचव, बस.

एक रुक्ष गोष्ट. स्पर्धेसाठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरकडून, मंजूर करून घेण्याची तुला सवय आहे. रात्री जन्मलेल्या नाटकाला रविवारी संध्याकाळपर्यंत ते प्रमाणपत्र कुठून मिळणार? म्हणून प्रयोग कॉलेजच्या हॉलमध्ये आपल्याआपल्यातच आहे की बाहेरच्यांना तिकीट लावून, हे तुमच्या सरांना आठवड्याआधी विचार. हौसेनं परस्पर तिकिटं छापू नका.

नाटक जमलं तर त्याची पूर्ण एकांकिका करायची हुक्की येईलच. त्यासाठी सकाळची प्रत जपून ठेव आणि रात्री नटांनी स्वतःची म्हणून घातलेली वाक्यं तिच्यात वेगळ्या शाईनं उतरवून घे. दोन-तीन तरी तुझ्यापेक्षा चांगली असतील. ती ठेवणार असशील तर त्यांना विचारून ठेव, आणि श्रेयनामावलीत त्यांची नावं घाल.

तुझी,
ताई